पाय सरळ कर

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरने ताईच्या अंगावरचं पांघरूण बाजूला केलं आणि तो हसला. कुचेष्टेने नाही, लहान मुलाची चित्रांची वही बघून हसावं तसा. ताईच्या उजव्या मांडीवर, जांघेपासून आतल्या बाजूने थेट गुडघ्यापर्यंत, औषधाच्या सात पट्ट्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. काठाला काठ लावून, एकही पट्टी दुसरीवर न चढवता. इतक्या सफाईने पट्ट्या लावणारा माणूस अख्ख्या तोयामा शहरात एकच आहे आणि तो म्हणजे मी. "अरे वा," डॉक्टर म्हणाला, "ही कारागिरी कोणाची?" आणि मी म्हणालो, "तिचीच. स्वतःच लावते. गुडघा दुखतो. वय झालं आता." त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "मांडीत दुखतं का आजींना? की गुडघ्यातच?" मी म्हणालो, "गुडघ्यातच." पहिलं खोटं लाजेपोटी होतं, दुसरं पहिल्याला सांभाळायला. ताईचे कान चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तिखट होते. तिने डोळे उघडून माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा मिटून घेतले.

रविवारची दुपार होती. बाहेर बर्फ पडत होता, रस्त्याच्या मधोमध बर्फ वितळवणाऱ्या पाण्याच्या धारा चालू होत्या आणि आम्हा सगळ्यांचे बूट ओले होते. ताईला दोन दिवस उलट्या होत होत्या. तिची मुलगी चिसातो तिच्यासोबत राहते. तिने आधी घरातल्या औषधाच्या पेटीतली अस्वलाच्या पित्ताची गोळी दिली, मग पेज दिली, मग पेजही उलटून पडल्यावर मला फोन केला. आमच्या गावात प्रत्येक घरात ती पेटी असते आणि पोटाचं काहीही झालं की आधी पेटी, मग देव, मग डॉक्टर. डॉक्टरने पोट दाबून पाहिलं, फोटो काढला, आणि आतडं फुगलंय म्हणाला. पोटावर जुन्या ऑपरेशनचा व्रण नाही, जांघेत गाठ लागत नाही. या वयात आतडं मंदावतं, नाकातून नळी घालू, सलाईन लावू, उद्या बघू. चिसातो वाकून वाकून त्याचे आभार मानत होती. मीही वाकलो. वाकताना माझी नजर पुन्हा त्या पट्ट्यांवर गेली. सातवी पट्टी शुक्रवारी मी लावली होती, लावून वर तळहाताने दाबली होती, आणि ताई म्हणाली होती, "किती गार वाटतंय रे."

मी हाडवैद्य आहे. ट्रामच्या थांब्यामागच्या गल्लीत चव्वेचाळीस वर्षं माझा दवाखाना आहे. दारावर पाटी, आत दोन खाटा, एका कोपऱ्यात चटई, आणि खिडकीपाशी हुकाला टांगलेला प्लास्टिकचा सांगाडा. सांगाड्याला माझी बायको नोबुए दर सोमवारी फडक्याने पुसायची. ती गेल्यापासून सहा वर्षं मी पुसतो. त्याच्या कमरेच्या हाडात खाली, दोन्ही बाजूंना, एकेक मोठं भोक आहे. सगळ्यांच्याच असतं. शाळेत आम्हाला त्याचं नाव पाठ करायला लावलं होतं, परीक्षेनंतर त्याचा कधी उपयोग झाला नाही. लहान मुलं त्यात बोट घालतात. मी उजव्या भोकात माझं कापडी माप अडकवून ठेवतो, म्हणजे हाताशी राहतं. हे मी आत्ता सांगतोय, पण त्या रविवारी घरी जाताना ट्राममध्ये माझ्या डोक्यात त्या भोकाचा विचारसुद्धा नव्हता. माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं की एवढ्याशा पोरापुढे आपण खोटं का बोललो, आणि ताईने ते ऐकलं.

नोव्हेंबरात ती पहिल्यांदा आली होती. दारातून आत येता येता माझं लहानपणचं नाव घेऊन म्हणाली, "तेइ, गुडघा बोलायला लागला बघ माझा." मी म्हणालो, "इतकी वर्षं गप्प होता हेच नवल. काय म्हणतो?" तर म्हणाली, इथून सुरू होतं, आणि गुंडाळलेला किमोनो तिने नीट आवरून मांडीच्या आतल्या बाजूवर बोट ठेवलं, आणि इथपर्यंत जातं. येतं आणि जातं. आलं की पोटातही ढवळतं. "दुखण्याने ढवळतंच," मी म्हणालो. बघा, उत्तर कसं तयार होतं. चव्वेचाळीस वर्षांत माझ्याकडे प्रश्नांपेक्षा उत्तरं जास्त साठली आहेत. मी तिला खाटेवर उताणं झोपवलं. तिचं वजन तेव्हा छत्तीस किलो होतं, फेब्रुवारीत तेहतीस झालं. एका हातात टाच घेतली, दुसरा गुडघ्यावर ठेवला, आणि पाय सरळ करून बाहेरच्या बाजूला हळूहळू ताणला. मी प्रत्येकाला म्हणतो तसं तिलाही म्हणालो, "दुखलं तर सांग." ती छताकडे बघत म्हणाली, "छे, बरं वाटतंय." मग दर शुक्रवारी ती यायची. दर शुक्रवारी तोच पाय, तोच ताण, तोच प्रश्न, तेच उत्तर.

आणि नंतर काय व्हायचं ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच होती आणि ती माझ्या डोळ्यांदेखत व्हायची. खाटेवरून उतरली की ताई भिंत धरत धरत चटईच्या कोपऱ्यात जायची आणि गुडघे मोडून टाचांवर बसायची. ताठ. दोन्ही हात मांडीवर. मी चहा द्यायचो. तिचा चेहरा हळूहळू सैल पडायचा, कपाळावरच्या आठ्या जायच्या, आणि ती शेजारणींच्या चहाड्या सांगायला लागायची. मला वाटायचं, हा माझ्या हाताचा गुण. एकदा दुसरा रोगी बसला होता, पन्नाशीचा, बँकेतला, खुर्ची मागत होता. मी त्याला म्हणालो, "बघा, माझी ताई. चौऱ्याऐंशी वर्षं. गुडघा दुखत असतानाही कशी बसते बघा! आणि तुम्हाला खुर्ची लागते." तो ओशाळला. ताई खाली मान घालून हसली. ज्याचा गुडघा खरोखर झिजलाय तो माणूस टाचांवर बसूच शकत नाही, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्याच दिवशी शिकवत आलोय. पण ताई बसली की मला ते वळण दिसायचं, लक्षण दिसायचं नाही. आमच्याकडे असं बसणारी बाई दिसली की आपण तिच्या आईबापांची तारीफ करतो. तिला कुठे दुखत असेल असं कोणाच्या मनात येत नाही.

ताईने बत्तीस वर्षं डोंगरातल्या एका गरम झऱ्यावरच्या पाहुणेघरात काम केलं. दाराबाहेर गुडघ्यावर बसायचं, दार सरकवायचं, वाकायचं, ताट आत ढकलायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. एका जेवणाला तीस वेळा. पाहुणा रागावला तरी वाकायचं, पाहुणा प्यायलेला असला तरी वाकायचं. "पाहुण्याला 'नाही' हा शब्द ऐकवायचा नाही," ती सांगायची. "पाहुण्याने विचारलं, थंडी वाजतेय का? तर म्हणायचं, छे, गार हवा किती छान वाटतेय." त्यातच पाच बाळंतपणं. त्यातली दोन मुलं गेली. मी तिचं सहावं, किंवा खरं म्हणजे पहिलं. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि ताई अठराची. चोविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं तेव्हा ती मला बरोबर घेऊन गेली. तिचा नवरा आयुष्यभर सगळ्यांना सांगायचा, बायकोबरोबर मला एक मेव्हणा आंदण मिळाला, भात खूप खातो. मी सात वर्षांचा असताना छपरावरून बर्फाच्या ढिगात उडी मारली आणि कोपर निखळलं. ताईने मला पाठीवर घेतलं आणि गुडघाभर बर्फातून पाच मैल चालत एका म्हाताऱ्या हाडवैद्याकडे नेलं. त्याने माझा हात धरला. ताईने मला मागून घट्ट आवळलं आणि कानात म्हणाली, "दुखलं तर ओरड. मोठ्याने ओरड. इथे कोणी ऐकत नाही." मी ओरडलो. सगळं गाव ऐकेल असा ओरडलो. कट्ट झालं आणि दुखणं गेलं. तेव्हाच मी ठरवलं की आपण हेच करायचं. ताई सगळ्यांना सांगत असे की तेइ त्या दिवशी इतका ओरडला की वैद्याच्या मांजरीने घर सोडलं.

सोमवारी सकाळी नऊला मी दवाखान्यावर 'आज बंद'ची पाटी लावून इस्पितळात गेलो. चिसातो डॉक्टरांना शोधायला गेली होती. मी वॉर्डच्या दारात उभा राहिलो. ताई पलंगावर टाचांवर बसली होती. नाकात नळी, हाताला सलाईन, पाठीवर इस्पितळाचा पातळ अंगरखा, आणि ताठ बसलेली. नर्स तिला म्हणत होती, "आजी, अहो झोपा. पाय सरळ करा बघू." ताई म्हणाली, "थोडा वेळ, बाई. एवढं जरा बरं वाटू दे." नर्सने तिला आडवं केलं आणि दोन्ही पाय धरून सरळ केले. ताईने खालचा ओठ दातांत धरला. मग नर्स गेल्यावर ती पुन्हा कुशीवर झाली, गुडघा पोटाशी घेतला, हाताने पलंगाचा कठडा धरून उठली, आणि पुन्हा टाचांवर बसली. तिचा चेहरा सैल पडला. चटईच्या कोपऱ्यात पडायचा तसाच. चहाही नव्हता आणि माझे हातही नव्हते. मी दारातून मागे झालो. काय आहे ते मला कळलं नव्हतं. पण ते गुडघ्याचं नाही एवढं कळलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तर मी चव्वेचाळीस वर्षं दिवा धरून बसलो होतो आणि माझी ताई बरोबर त्याच्या खाली.

आता इथे मी सरळ जाऊन सांगायला हवं होतं. पाच पावलांवर नर्सचं टेबल होतं. मी त्याच्यासमोरून गेलो, पाणी पिऊन आलो, पुन्हा त्याच्यासमोरून गेलो, आणि खिडकीपाशी बाकावर बसलो. नाणं टाकायच्या यंत्रातून मक्याच्या सूपचा गरम डबा काढला आणि दोन तळहातांमध्ये फिरवत राहिलो. तो गार झाला. मी स्वतःला म्हणत होतो, डॉक्टर लोक आहेत, यंत्रं आहेत, त्यांना दिसेलच की. मी कोण? पंचवीस वर्षांपूर्वी एक हाडांचा डॉक्टर माझ्या दवाखान्यात चालत आला होता. मी खुब्याचं मोडलेलं हाड मुरगळ समजून चोळलं होतं. बाकावर चार रोगी बसले होते, त्यांच्यासमोर तो म्हणाला, "ओढून ओढून माणसाची दोरी करता तुम्ही लोक." चार रोगी उठून गेले नाहीत, उलट चौघेही सभ्यपणे खाली बघत बसले, आणि तेच मला जास्त लागलं. त्या दिवशी नोबुएने रात्रीचं जेवण वाढताना विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही. आमच्या घरात 'काही नाही' हे फार मोठं उत्तर आहे. तेव्हापासून पांढरा कोट दिसला की माझी जीभ जड होते, आणि खोटं तेवढं हलकं होऊन येतं.

अकराच्या सुमारास चिसातो येऊन माझ्याशेजारी बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती म्हणाली, "मामा, तुम्ही घरी जा. उगाच दवाखाना बंद ठेवलात." मी म्हणालो, असू दे. मग ती म्हणाली, "तुम्ही दर शुक्रवारी तिचा पाय बघत होतात ना, त्याचाच मला धीर होता. मी आईला म्हणायचे, दुसऱ्या कोणाकडे जायला नको, मामाच्या हाताला गुण आहे." आणि तिने माझ्यापुढे मान लववली. त्या क्षणी मी सांगितलं असतं तर? पण त्या क्षणीच तर सांगणं अशक्य झालं. कोणी शिवी दिली असती तर मी बोललो असतो. आभारापुढे माणूस काय बोलणार? मी डबा फिरवत राहिलो. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा वाजले, एक वाजला. दुपारी दीडला ताईला पुन्हा उलटी झाली. त्या उलटीला शेणासारखा वास होता. चिसातो नाकाला रुमाल लावून बाहेर आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी उठलो. मला धाडस आलं नव्हतं. तो वास मला बसू देईना.

डॉक्टर कुराहाशी म्हणून एक सर्जन बाई लिफ्टमधून बाहेर येत होत्या. पन्नाशीच्या, बुटक्या, केस आखूड कापलेले. मी त्यांना आडवा गेलो. "तिच्या मांडीत दुखतं," मी म्हणालो. "आतल्या बाजूने. जांघेपासून गुडघ्यापर्यंत. तीन महिने झाले. येतं आणि जातं. पाय पोटाशी घेतला की थांबतं. टाचांवर बसली की थांबतं. सरळ केला की वाढतं. आणि मी तो सरळ करत होतो." बाईंनी विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हणालो, "भाऊ. हाडवैद्य." त्या तशाच आत गेल्या. त्यांनी ताईचा उजवा पाय हातात घेतला, सरळ केला, बाहेर नेला आणि आत वळवला. ताईच्या तोंडातून एक आवाज आला. लहान, मांजराच्या पिल्लासारखा. तीन महिने मी तेच करत होतो आणि हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. बाईंनी पाय अलगद खाली ठेवला, गुडघ्याखाली उशी सरकवली. बाहेर येऊन म्हणाल्या, "हे काल कोणी विचारलं नाही?" मी म्हणालो, "विचारलं होतं." त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्या सीटी स्कॅनसाठी फोन करायला गेल्या.

अर्ध्या तासाने त्यांनी मला आणि चिसातोला पडद्यावर ते दाखवलं. करड्या चित्रात कमरेची हाडं पांढरी, आणि उजवीकडे, मांडीच्या दोन स्नायूंमध्ये, जिथे काही असायला नको तिथे, अंगठ्याएवढा एक गोल ठिपका. "हा हर्निया आहे," बाई म्हणाल्या. "पण जांघेतला नेहमीचा नाही, म्हणून वरून हाताला लागत नाही. कमरेच्या हाडात इथे भोक असतं. त्यावर पडदा असतो, चरबी असते, आणि त्यातून एक नस मांडीत उतरते. माणूस फार वाळला की चरबी जाते, वाट मोकळी होते. आतडं त्यात शिरतं आणि त्या नसेवर दाब येतो. म्हणून दुखतं मांडीत आणि बिघडलेलं असतं पोट. पाय वाकवला की वाट सैल होते." मग त्या म्हणाल्या, "आमच्याकडे वर्षाला दोन-तीन येतात. सगळ्या अशाच. बारीक, पुष्कळ बाळंतपणं झालेल्या, कुरकुर न करणाऱ्या. आणि सगळ्या आधी गुडघ्याचं औषध घेऊन आलेल्या." चिसातोने विचारलं, "मामांच्या ओढण्याने झालं का हे?" तिने आवाज चढवला नव्हता. बाई म्हणाल्या, "नाही. ओढण्याने होत नाही." आणि बाकीचं त्या बोलल्या नाहीत. ते चिसातोला मी सांगितलं, तिथेच, पडद्यापुढे. काल डॉक्टरने विचारलं होतं आणि मी खोटं बोललो. आज सकाळी नऊला मला कळलं होतं आणि मी बाकावर बसून राहिलो. चिसातोने माझ्याकडे बघितलं नाही. ती त्या ठिपक्याकडेच बघत म्हणाली, "नऊला?" मी म्हणालो, हो. "मी अकराला तुमच्याशेजारी बसले होते, मामा." मी म्हणालो, हो.

ऑपरेशनला नेण्याआधी दहा मिनिटं मला ताईपाशी सोडलं. तिचे ओठ सुकले होते. मी कापूस ओला करून लावला. ती म्हणाली, "काय सापडलं म्हणे?" मी म्हणालो, "आतडं भलत्या वाटेने गेलंय." ती म्हणाली, "माझ्यावर गेलंय. मीही वाट चुकायचे." मग मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं. "ताई, मी ओढायचो तेव्हा दुखायचं?" ती छताकडे बघत होती. "फार रे," ती म्हणाली. "डोळ्यांपुढे काजवे यायचे." "मग सांगितलं का नाहीस? दर वेळी विचारत होतो ना मी!" माझा आवाज चढला, जणू चूक तिचीच. ती हसली, नळीमुळे हसणं एका बाजूनेच आलं. "विचारायचास खरा. पाहुणेही विचारायचे. तेइ, नोबुए गेल्यापासून तुझे हात नुसते पडलेले असायचे. माझा पाय हातात घेतलास की तुझा चेहरा कसा व्हायचा, तुला काय ठाऊक." मग म्हणाली, "काल त्या पोराला खोटं सांगितलंस. मला वाटलं, असू दे, माणसांत लाज तरी राहील तुझी." मला ओरडावंसं वाटलं. पाठीवर घेऊन पाच मैल चालणारी ही बाई, मला मोठ्याने ओरड म्हणणारी, आणि स्वतः माझ्या लाजेखाली चोवीस तास गप्प पडून राहिली. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "ताई, मला माफ कर." ती म्हणाली, "पट्ट्या तेवढ्या काढ. सोलायला दुसऱ्या कोणाचा हात नको." मी सातही पट्ट्या काढल्या. खाली सात लाल चौकोन उमटले होते.

वीतभर आतडं काळं पडलं होतं. ते कापलं, दोन टोकं जोडली, भोक शिवलं. कुराहाशी बाई टोपी काढत बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीची रेघ होती. मी विचारलं, "काल केलं असतं तर कापावं लागलं असतं?" त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही." मी म्हणालो, "आज सकाळी?" त्या म्हणाल्या, "आजोबा, घरी जा. काहीतरी खा." मी घरी न जाता दवाखान्यात गेलो आणि दिवा न लावता सांगाड्यापुढे उभा राहिलो. त्याच्या उजव्या भोकात माझं कापडी माप लोंबत होतं. ते मी बाहेर ओढलं. सहज आलं. मग बोट घातलं, ते आरपार गेलं. इतकी वर्षं मी त्या जागेला रिकामी समजत होतो. जिवंत माणसात तिथून नस जाते, रक्त जातं, आणि एखादीचं सगळं आयुष्य जातं, हे मला पुस्तकात शिकवलं होतं आणि मी त्याला माप अडकवायची खुंटी केली होती. माप मी खिशात घातलं. पुन्हा तिथे अडकवलं नाही.

जोडलेली जागा धरली नाही. ताप आला, मग छाती भरली. बारा दिवस ताई होती. गुडघ्यांखाली उशी घेऊन, पाय वर करूनच ती पडून असायची. सरळ करू देत नव्हती, बेशुद्धीतही नाही. नर्स आता आग्रह करत नव्हत्या. चिसातो माझ्याशी बोलायची, म्हणजे दूध आणा, चादर आणा एवढं बोलायची. मामा म्हणायची. त्याहून जास्त मी मागितलंही नाही. तेराव्या दिवशी सकाळी आठला ताई गेली.

दुसऱ्या दिवशी घरी, मधल्या खोलीत, अंत्यविधीच्या कंपनीचा माणूस तिला पेटीत ठेवायला आला. पांढरा किमोनो घातला, हात जुळवले, आणि मग तो जरा खाकरला. ताईचे गुडघे वर उभे होते. पेटीचं झाकण बसेना. "बाईंचे पाय," तो अत्यंत हळू म्हणाला, "जरा..." मी त्याला विचारलं, "बसवून नाही का नेता येणार? आमच्या आजीला बसवून नेलं होतं, गोल पिंपात. मी ऐकलंय." तो म्हणाला, "पूर्वी होतं तसं, साहेब. आता मिळत नाही. भट्टीही लांबटच असते." खोलीत ताईची तीन मुलं, सुना, नातवंडं, सगळे टाचांवर बसले होते. मग चिसातो म्हणाली, "मामा, तुम्हीच करा. तिला तुमच्या हाताची सवय आहे." तिच्या आवाजात टोमणा होता की माफी, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

मी पुढे सरकलो. पेटीशी गुडघ्यांवर बसलो. एका हातात टाच घेतली. अंगाभोवती ठेवलेल्या बर्फामुळे ती गार होती. दुसरा तळहात गुडघ्यावर ठेवला आणि वजन टाकायला सुरुवात केली, हळूहळू, पोरांना शिकवतो तशी. आणि माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "दुखलं तर सांग, ताई."

गुडघा खाली गेला. पाय सरळ झाला, विरोध न करता, पूर्ण सरळ. ती 'छे, बरं वाटतंय' म्हणेल इतका वेळ मी थांबलो, आणि मग दुसरा पाय हातात घेतला.